डॉपेलबॉक

डॉपेलबॉक हा जर्मनीच्या बायर्न (बव्हेरिया) राज्यातील म्युनिक शहरात विकसित झालेला, तीव्र आणि माल्टप्रधान लागर बिअरचा प्रकार आहे. भाजलेल्या पावाची आठवण करून देणारा गंध, भरीव पोत, सौम्य कडवटपणा आणि जिभेवर रेंगाळणारा गोडसर स्वाद ही त्याची प्रमुख लक्षणे होत. त्यात मद्यार्काचे प्रमाण सामान्यतः आकारमानाने ७ ते १० टक्के असते. या प्रकाराचा उगम म्युनिकमधील पाउलानर मठाशी जोडला जातो आणि तेथील 'साल्वाटोर' ही बिअर त्याचा मूळ नमुना मानली जाते.

डॉपेलबॉकचे वर्णन बहुधा 'गोड बिअर' असे केले जाते. पारंपरिक पद्धतीने बनवलेल्या डॉपेलबॉकमध्ये मात्र साखर घातलेली नसते. तिचा गोडवा माल्ट, किण्वन आणि कडवटपणाचे अल्प प्रमाण यांच्या एकत्रित परिणामातून जाणवतो. याच गुळगुळीत गोडव्यामुळे तिची खरी तीव्रता पिणाऱ्याच्या लक्षात उशिरा येते.

## नाव

जर्मन भाषेत 'डॉपेल' म्हणजे दुप्पट. डॉपेलबॉकमध्ये साध्या बॉक बिअरच्या दुप्पट मद्यार्क असतो असा मात्र या नावाचा अर्थ नाही; ते केवळ 'बॉकपेक्षा अधिक तीव्र' एवढेच सुचवते. जर्मनीत बॉक बिअरसाठी मूळ वर्टची घनता किमान १६ अंश प्लेटो, तर डॉपेलबॉकसाठी किमान १८ अंश प्लेटो धरली जाते. माल्ट गरम पाण्यात मुरवून मिळणाऱ्या गोड द्रवाला वर्ट म्हणतात. १८ अंश प्लेटो म्हणजे किण्वनापूर्वी १०० ग्रॅम वर्टमध्ये १८ ग्रॅम विद्राव्य पदार्थ असणे. यात मुख्य वाटा शर्करांचा असतो.

'बॉक' हा शब्द उत्तर जर्मनीतील आइनबेक या गावाच्या नावावरून आला असे मानले जाते. म्युनिकच्या बोलीत आइनबेकच्या बिअरच्या नावाचा उच्चार 'आइनपॉक' असा होऊ लागला आणि पुढे त्याचे 'आइन बॉक' झाले. जर्मनमध्ये 'आइन बॉक' म्हणजे 'एक बोकड'. या शब्दसाम्यामुळे बॉक व डॉपेलबॉक बिअरच्या बाटल्यांवर बोकडाचे चित्र आढळते.

## इतिहास

### आइनबेक ते म्युनिक

आइनबेक हे आजच्या नीडरझाक्सन राज्यातील गाव मध्ययुगात हान्से व्यापारी संघाचे सदस्य होते आणि तेथील बिअर दूरवर निर्यात होत असे. या निर्यातीचा एक लेखी उल्लेख १३७८ सालचा आहे. लांबच्या प्रवासात टिकावी म्हणून ही बिअर तीव्र बनवली जात असे. बायर्नच्या राजदरबारातही तिला मागणी होती. बाहेरून बिअर मागवण्याचा खर्च टाळण्यासाठी ड्यूक पाचवा विल्हेल्म याने १५८९ साली म्युनिकमध्ये होफब्रॉयहाउस ही दरबारी भट्टी स्थापन केली. सतराव्या शतकात तेथे आइनबेकच्या धर्तीची बिअर तयार होऊ लागली आणि बॉक हा प्रकार बायर्नमध्ये रुजला.

### पाउलानर मठ

पंधराव्या शतकात दक्षिण इटलीतील पाओला या गावच्या संत फ्रान्सिस यांनी मिनिम हा ख्रिस्ती संन्यासी संप्रदाय स्थापन केला. संस्थापकाच्या गावावरून जर्मन भाषिक प्रदेशात या संन्याशांना 'पाउलानर' म्हटले जाऊ लागले. १६२७ साली ते म्युनिकजवळच्या आउ या वस्तीतील नॉयडेक मठात राहू लागले. मठात बिअर बनवली जात असल्याचा पहिला उल्लेख १६३४ सालचा असून तो शहरातील बिअर उत्पादकांनी मठाविरुद्ध केलेल्या तक्रारीत सापडतो. स्वतःच्या गरजेपेक्षा अधिक बिअर बनवून मठ ती बाहेर विकतो, असा या व्यावसायिकांचा आक्षेप होता.

ईस्टरपूर्वीच्या चाळीस दिवसांच्या उपवासकाळात घन आहारावर निर्बंध असत आणि द्रव पदार्थाने उपवास मोडत नाही असे मानले जाई. त्यामुळे मठांमधून पौष्टिक, दाट बिअर बनवली जाऊ लागली आणि तिला 'द्रवरूप पाव' म्हटले गेले. पाउलानर संन्याशांच्या बाबतीत याला आणखी एक कारण होते. त्यांच्या संप्रदायात मांस, अंडी, दूध आणि दुधाचे पदार्थ आयुष्यभर वर्ज्य करण्याचे व्रत होते. अशा आहारात धान्यापासून बनलेल्या पेयाला वर्षभर महत्त्व होते.

संस्थापक संताचा स्मृतिदिन २ एप्रिल रोजी असतो आणि तो बहुतेक वर्षी उपवासकाळातच येतो. या दिवसासाठी मठात खास तीव्र बिअर बनवली जाई. 'संत पित्याची बिअर' या अर्थाच्या तिच्या जर्मन नावाचा अपभ्रंश होऊन 'साल्वाटोर' हे नाव तयार झाले असे सांगितले जाते. लॅटिनमध्ये या शब्दाचा अर्थ 'तारणहार' असा आहे.

या बिअरबद्दल एक दंतकथा प्रसिद्ध आहे. उपवासात एवढे रुचकर पेय चालेल का, अशी शंका आल्याने संन्याशांनी तिचा एक पिंप पोपकडे पाठवला. आल्प्स पर्वत ओलांडून रोमला पोहोचेपर्यंत बिअर आंबली. तिची चव घेऊन पोपने असले पेय पिणे ही तपश्चर्याच असल्याचे ठरवले आणि परवानगी दिली, अशी ही कथा आहे.

### साल्वाटोर आणि '-आटोर' नावे

१७७० च्या दशकात ब्रदर बार्नाबास या संन्याशाने मठाच्या भट्टीची सूत्रे हाती घेतली. साल्वाटोरची कृती निश्चित करण्याचे श्रेय त्याला दिले जाते. १७८० साली इलेक्टर कार्ल थेओडोर याने मठाला बिअरच्या खुल्या विक्रीची परवानगी दिली. १७९९ मध्ये मठ विसर्जित झाला. १८०६ मध्ये फ्रान्त्स झेवर त्साखर्ल या व्यावसायिकाने ही भट्टी भाडेपट्ट्याने घेतली आणि पुढे ती विकत घेतली. त्याने साल्वाटोरची परंपरा नॉखरबेर्ग या टेकडीवर पुढे चालवली.

एकोणिसाव्या शतकात म्युनिकमधील इतर उत्पादकही आपल्या तीव्र बिअरला 'साल्वाटोर' म्हणू लागले होते. १८९६ साली पाउलानरने हे नाव व्यापारचिन्ह म्हणून नोंदवल्यानंतर इतरांना वेगळी नावे घ्यावी लागली. मूळ नावाशी नाते दाखवण्यासाठी त्यांनी '-आटोर' हा शेवट कायम ठेवला. आउगुस्टिनरची 'माक्सिमाटोर', लोवेनब्रॉयची 'ट्रिउम्फाटोर', श्पाटेनची 'ऑप्टिमाटोर', हाकर-प्शोरची 'आनिमाटोर' आणि आयिंगरची 'सेलेब्राटोर' ही त्याची उदाहरणे आहेत. वायहेनश्टेफानच्या 'कॉर्बिनियान' या प्रसिद्ध डॉपेलबॉकने मात्र हा प्रघात पाळलेला नाही. तिला फ्रायझिंगचे संत कॉर्बिनियान यांचे नाव दिलेले आहे.

## घटक व निर्मिती

बायर्नमध्ये १५१६ सालच्या शुद्धता आदेशाने बिअरसाठी जव (बार्ली), हॉप आणि पाणी एवढेच घटक मान्य केले होते. यीस्टचे कार्य तेव्हा ज्ञात नव्हते. डॉपेलबॉक आजही माल्ट, हॉप, पाणी आणि यीस्ट यांपासूनच बनते. त्यामुळे तिच्या चवीतील बहुतेक गुण माल्टमधून यावे लागतात.

माल्ट म्हणजे मोड आणून वाळवलेले धान्य. नाचणीचे सत्त्व करताना नाचणीला मोड आणले जातात, त्याच तत्त्वावर जवाला मोड आणतात. मोड येताना दाण्यात विकरे तयार होतात आणि ती पिष्टाचे शर्करेत रूपांतर करू शकतात. मोड आलेले दाणे किती तापमानाला वाळवले यावर माल्टचा रंग व गंध ठरतो. गडद डॉपेलबॉकमध्ये 'म्युनिक माल्ट' हा अधिक तापमानाला वाळवलेला माल्ट मोठ्या प्रमाणात वापरतात, तर फिक्या डॉपेलबॉकमध्ये फिकट पिल्सनर माल्टचा वाटा अधिक असतो.

पारंपरिक कृतीत 'डिकॉक्शन' पद्धतीचा अवलंब केला जातो. दळलेला माल्ट व गरम पाणी यांच्या लगद्याचा काही भाग वेगळा काढून उकळतात आणि पुन्हा मूळ लगद्यात मिसळतात. यामुळे एकूण लगद्याचे तापमान टप्प्याटप्प्याने वाढते. उकळलेल्या भागात अमिनो आम्ले व शर्करा यांच्यात मेयार अभिक्रिया होते आणि रंग व खमंग गंध देणारी संयुगे तयार होतात. पावाची कड भाजताना आणि थालीपिठाची भाजणी परतताना हीच अभिक्रिया घडते.

वर्टमध्ये हॉप घालून तो उकळतात, थंड करतात आणि त्यात लागर यीस्ट मिसळतात. हे यीस्ट सुमारे ८ ते १२ अंश सेल्सियस तापमानाला संथपणे काम करते. मुख्य किण्वनानंतर बिअर शून्य अंशाच्या आसपास अनेक आठवडे, कधी काही महिने साठवली जाते. या काळात किण्वनातील नकोसे गंध कमी होतात, गाळ तळाशी बसतो आणि चव एकजीव होते. डॉपेलबॉकच्या गुळगुळीतपणात या साठवणीचा मोठा वाटा असतो.

## आस्वाद

बिअर परीक्षकांना प्रमाणित करणाऱ्या अमेरिकेतील 'बिअर जज सर्टिफिकेशन प्रोग्राम' या संस्थेने २०२१ च्या मार्गदर्शिकेत डॉपेलबॉकसाठी पुढील मापे दिली आहेत:

* वर्टची मूळ सापेक्ष घनता: १.०७२ ते १.११२
* किण्वनानंतरची सापेक्ष घनता: १.०१६ ते १.०२४
* कडवटपणा: १६ ते २६ आयबीयू
* मद्यार्क: आकारमानाने ७ ते १० टक्के

ही मापे स्पर्धांमधील परीक्षणासाठी आहेत. बाजारातील प्रत्येक बिअर त्यांत तंतोतंत बसते असे नाही. उदाहरणार्थ, या प्रकाराचा उत्तम नमुना मानल्या जाणाऱ्या 'सेलेब्राटोर'मध्ये मद्यार्क ६.७ टक्के असतो.

### रंग

डॉपेलबॉकचा रंग गडद सोनेरी ते गडद तपकिरी असतो. गडद प्रकाराचा पेला उजेडासमोर धरल्यास कडेला माणकासारखी लाल झाक दिसते. दीर्घ साठवणीमुळे बिअर स्वच्छ व पारदर्शक असते. फेस दाट व मलईसारखा असून गडद प्रकारात तो किंचित पिवळसर दिसतो.

### गंध

गंधात माल्टचे वर्चस्व असते. गडद प्रकारात भाजलेल्या पावाची कड, टोस्ट आणि कॅरमेल यांचे गंध जाणवतात. काही वेळा चॉकलेटची हलकी छटा तसेच मनुका किंवा सुकवलेल्या आलुबुखाराची आठवण देणारा फळांचा गंधही असतो. फिक्या प्रकारात ताज्या पावाचा व बिस्किटाचा गंध अधिक आणि फळांचा गंध नगण्य असतो. हॉपचा गंध जवळजवळ नसतो. करपलेल्या धान्याचा किंवा कडक कॉफीचा वास या प्रकारात अपेक्षित नाही.

माल्टच्या या गंधासाठी मराठीतील 'खमंग' हा शब्द 'गोड' या शब्दापेक्षा अधिक नेमका आहे. भारतातील अनेकांना माल्टचा गंध दुधात घालून घेण्याच्या माल्टयुक्त पेयांमुळे परिचित असतो. त्या पेयांमध्ये साखरही असल्याने माल्टची चव आणि साखरेचा गोडवा मनात एकत्र जोडले जातात. डॉपेलबॉकचा आस्वाद घेताना हे दोन गुण वेगळे ओळखता येणे महत्त्वाचे ठरते.

### चव आणि पोत

पहिल्या घोटात माल्टचा समृद्ध, किंचित गोडसर स्वाद जाणवतो. मध्यभागी पावाची कड व कॅरमेल यांच्या छटा स्पष्ट होतात. हॉपचा कडवटपणा स्वतंत्रपणे ठळक जाणवत नाही, पण गोडवा चिकट होऊ नये इतका असतो. घोट गिळल्यानंतर मागे राहणारा स्वाद माल्टचाच असतो आणि चांगल्या डॉपेलबॉकमध्ये तो हळूहळू कोरडा होत जातो. पोत मध्यम ते भरीव, वायूचे प्रमाण मध्यम आणि स्पर्श मऊ असतो. मद्यार्काची ऊब घशात व छातीत जाणवते. तो झोंबल्यास दोष मानला जातो.

### गोडव्याचा उगम

किण्वनात यीस्ट ग्लुकोज, माल्टोज यांसारख्या साध्या शर्करा वापरून मद्यार्क व कार्बन डायऑक्साइड तयार करते. वर्टमधील सर्व शर्करा मात्र संपत नाहीत. डॉपेलबॉकमधील गोडव्याच्या जाणिवेमागे पुढील कारणे एकत्र काम करतात:

* उरलेली शर्करा: मूळ वर्ट दाट असल्याने किण्वनानंतरही काही शर्करा शिल्लक राहते.
* डेक्स्ट्रिन: पिष्टाचे हे लांब तुकडे यीस्टला पचवता येत नाहीत. ते स्वतः फारसे गोड नसतात, पण द्रवाला दाटपणा देतात.
* खमंग गंध: कॅरमेल व भाजलेल्या पावाचे गंध मेंदू गोड चवीशी जोडतो.
* मद्यार्क: इथेनॉलला स्वतःची किंचित गोड चव असते.
* अल्प कडवटपणा: जर्मन पिल्सनरपेक्षा डॉपेलबॉकचे मूळ वर्ट कितीतरी दाट असते, तरीही कडवटपणा सामान्यतः तिच्याहून कमी असतो. त्यामुळे माल्टच्या गोडव्याला आवर घालणारा घटक सौम्य राहतो.

अठराव्या शतकातील डॉपेलबॉकमध्ये शर्करेचे किण्वन आजच्याइतके पूर्ण होत नसे. त्यामुळे ती आजच्यापेक्षा अधिक गोड आणि मद्यार्काने कमी होती. 'द्रवरूप पाव' हे वर्णन मुळात त्या बिअरचे होते.

### दोष

अतिशय चिकट गोडवा हा अपुऱ्या किण्वनाचा परिणाम असतो. लोण्यासारखा वास डायअॅसिटिल या संयुगामुळे येतो आणि साठवण अपुरी झाल्याचे सुचवतो. ओल्या पुठ्ठ्यासारखा वास हवेतील ऑक्सिजनशी संपर्क झाल्याने येतो. किण्वनाचे तापमान फार वाढल्यास उग्र मद्यार्क तयार होतात आणि घसा जळजळतो. जुन्या बाटलीतील शेरी वाइनसारखी छटा काहींना रुचते, मात्र ताज्या बिअरमध्ये ती अपेक्षित नसते.

## वाढण्याची पद्धत

डॉपेलबॉक सुमारे ८ ते १२ अंश सेल्सियस तापमानाला वाढतात. बर्फासारखी थंड केल्यास माल्टचे गंध दबतात आणि गोडव्याची जाणीवही मंदावते. बायर्नमध्ये ती काचेच्या अथवा पक्क्या भाजणीच्या मातीच्या मगातून दिली जाते. आस्वादासाठी तोंडाशी निमुळता होत जाणारा पेला सोयीचा असतो, कारण त्यात गंध साठून राहतो. भाजलेले मांस, मुरलेले चीज आणि सुकामेवा घातलेले गोड पदार्थ यांच्याबरोबर ती दिली जाते.

## साजरीकरण

उपवासकाळात म्युनिकमध्ये 'श्टार्कबियरत्साइट' म्हणजे तीव्र बिअरचा हंगाम साजरा होतो. नॉखरबेर्गवरील समारंभात साल्वाटोरचे पहिले पिंप फोडले जाते आणि पहिला मग बायर्नच्या मुख्यमंत्र्यांना दिला जातो. त्यानंतर उपस्थित राजकारण्यांची त्यांच्या तोंडावर खिल्ली उडवणारे भाषण व नाट्यप्रवेश होतात. हे भाषण अनेक वर्षे ब्रदर बार्नाबासच्या वेशातील कलावंत करत असे. १८८८ साली याच टेकडीवर साल्वाटोर पिण्यास जमलेल्या लोकांमध्ये मोठी दंगल झाली. ती 'साल्वाटोरची लढाई' म्हणून ओळखली जाते.

## संबंधित प्रकार

आइसबॉक ही डॉपेलबॉकपासून बनवली जाणारी अधिक तीव्र बिअर असून तिचा संबंध कुल्मबाख या गावाशी जोडला जातो. पाणी मद्यार्कापेक्षा अधिक तापमानाला गोठते, म्हणून बिअर थंड करून बर्फ काढून टाकल्यास उरलेला द्रव घट्ट व तीव्र होतो. 'सामिक्लाउस' ही १४ टक्के मद्यार्काची बिअर झुरिकच्या ह्युर्लिमान कंपनीने १९७९ साली प्रथम बनवली. २००० सालापासून ती ऑस्ट्रियात बनते. वर्षातून एकदा, ६ डिसेंबर या संत निकोलस दिनी तिची भट्टी लावली जाते.

इतर तीव्र बिअरहून डॉपेलबॉक चवीने वेगळी ओळखता येते. बेल्जियमच्या मठांतील गडद बिअरमध्ये यीस्टपासून येणारे फळांचे व मसाल्यांचे गंध ठळक असतात. इंपीरियल स्टाउटमध्ये काळ्या भाजलेल्या धान्याचा कडवटपणा असतो, तर बार्लीवाइनमध्ये हॉप व फळांच्या छटा अधिक असतात.

भारतात ५ ते ८ टक्के मद्यार्काच्या बिअरला 'स्ट्राँग बिअर' म्हटले जाते. ही वर्गवारी केवळ मद्यार्कावर आधारित आहे. महाराष्ट्रात सर्वत्र मिळणाऱ्या अशा बिअर बहुतांशी फिक्या लागर असतात. त्यांत माल्टसोबत तांदूळ, मका किंवा साखर वापरली जात असल्याने मद्यार्क वाढला तरी पोत हलकाच राहतो. म्हणून मद्यार्क सारखा असूनही स्ट्राँग बिअर आणि डॉपेलबॉक यांच्या चवीत मोठे अंतर असते.

## तीव्रता व आरोग्य

७.५ टक्के मद्यार्काच्या अर्धा लिटर डॉपेलबॉकमध्ये सुमारे ३० ग्रॅम शुद्ध मद्यार्क असतो. तेवढाच मद्यार्क ५ टक्क्यांच्या पाऊण लिटर बिअरमध्ये असतो. गोडसर चव आणि मऊ पोत यांमुळे हा फरक पिताना जाणवत नाही, त्यामुळे नेहमीच्या बिअरच्या अंदाजाने ती घेणाऱ्याच्या शरीरात दीडपट मद्यार्क जातो.

'द्रवरूप पाव' हे वर्णनही आहारशास्त्रीय अर्थाने घेता येत नाही. अर्धा लिटर डॉपेलबॉकमधील केवळ मद्यार्कातून सुमारे २०० किलोकॅलरी ऊर्जा मिळते, पण प्रथिनांचे प्रमाण अल्प असते. २०११ साली अमेरिकेतील आयोवा राज्यातील एका पत्रकाराने ४६ दिवसांचा उपवासकाळ डॉपेलबॉक व पाणी यांवर काढला; या काळात त्याचे वजन बरेच घटले. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने मद्यार्कयुक्त पेयांचा समावेश मानवात कर्करोग निर्माण करणाऱ्या पहिल्या गटातील घटकांमध्ये केला आहे.